ओळखपत्रांच्या छपाईतले पेटंट शोधताना: एस्पासनेटचे सहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

सांगलीत आमचे ओळखपत्रे छापून देण्याचे दुकान आहे. शाळा, महाविद्यालये, साखर कारखाने आणि पतसंस्था हे आमचे गिऱ्हाईक, आणि जून-जुलै हा आमचा हंगाम. मोठ्या संख्येचे काम आम्ही ड्रॅगन शीटवर करतो, म्हणजे मध्ये छापलेली इंकजेट पीव्हीसी शीट, वर-खाली पारदर्शक ओव्हरले, मग हे थर उष्णतेने आणि दाबाने चिकटवणारे फ्युजिंग मशीन आणि शेवटी कार्डे कापणारा डाय कटर. पाच-दहा कार्डांचे तातडीचे काम मात्र एप्सनच्या एल८०५० या प्रिंटरवर कार्डाच्या ट्रेमध्ये, एका वेळी दोन कार्डे ठेवून होते. एस्पासनेट ही पेटंट शोधण्याची सेवा वापरण्याची वेळ आली ती या ट्रेमुळे.

कार्डाचे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहे: ८५.६० मिमी लांब, ५३.९८ मिमी रुंद आणि ०.७६ मिमी जाड. कार्ड ट्रेच्या खाचेत सहज बसावे आणि निघावे यासाठी खाच केसभर मोठी ठेवावी लागते, आणि तेवढ्या सैलपणामुळे कडेपर्यंत रंग असलेल्या कार्डाला एका बाजूने पांढरी रेघ राहते. आम्ही बाजारातून आणलेल्या एका जादा ट्रेच्या खाचेत एक पातळ पोलादी जीभ बसवली. ती कार्डाला नेहमी एकाच कोपऱ्याकडे ढकलून धरते, त्यामुळे पुढची आणि मागची छपाई एकमेकींशी जुळते आणि रेघ जाते. धाकट्या भावाने लगेच पेटंटचा विषय काढला. ओळखीच्या एका पेटंट एजंटांनी सांगितले की अर्जाचा खर्च करण्यापूर्वी जगात आधी काय होऊन गेले आहे ते स्वतः पाहा, आणि पाहताना ‘हेच कोणी केले आहे का’ एवढ्यावर थांबू नका, ‘हे कोणाला सहज सुचले असते का’ हेही विचारा. या दुसऱ्या प्रश्नाला पेटंटच्या व्यवहारात ‘ऑब्व्हियसनेस’ म्हणतात, आणि ओळखपत्रांच्या छपाईसारख्या जुन्या, गजबजलेल्या क्षेत्रातले बहुतेक अर्ज याच प्रश्नावर अडतात. या परीक्षणात मी सेवेला याच एका कसोटीवर तपासले आहे.

एस्पासनेट ही युरोपीय पेटंट कार्यालयाची विनामूल्य शोधसेवा १९९८ पासून चालू आहे. तिच्यात जगभरच्या १५ कोटींहून अधिक पेटंट-दस्तऐवजांची नोंद असून सर्वांत जुने १७८२ सालापर्यंत मागे जातात. नाव नोंदवावे लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि जुन्या लॅपटॉपवरही ती चालते. शोध, दस्तऐवज आणि भाषांतर यांपैकी कशालाही आतापर्यंत एक रुपया लागलेला नाही.

सुरुवातीला मी चूक केली आणि साध्या शब्दांनी शोधले. ‘पीव्हीसी कार्ड’, ‘ट्रे’, ‘प्रिंटर’ असे इंग्रजी शब्द टाकले, काही दस्तऐवज चाळले आणि आमच्यासारखी जीभ कोठेही दिसली नाही म्हणून दोन दिवस फार आनंदात होते. नंतर लक्षात आले की पेटंटच्या मसुद्यात आपण वापरतो ते शब्द सहसा नसतात. आपले कार्ड तिथे ‘पत्र्यासारखे माध्यम’ असते, आपला ट्रे ‘वाहक सदस्य’ असतो, आणि आपली पोलादी जीभ ‘एका दिशेने दाब देणारे लवचिक साधन’ असते. दावा, म्हणजे अर्जदार ज्यावर हक्क सांगतो ते वर्णन, जितका व्यापक हवा तितका शब्द अमूर्त, हा त्या लेखनाचा रिवाज आहे, आणि दुकानातल्या बोलीने त्यात शिरता येत नाही.

एस्पासनेटचे खरे मोल मला इथे कळले. प्रत्येक दस्तऐवजाला विषयवार वर्ग-क्रमांक दिलेले असतात. युरोपीय आणि अमेरिकन पेटंट कार्यालयांनी मिळून चालवलेली ही वर्गवारी, म्हणजे सीपीसी, १ जानेवारी २०१३ पासून लागू आहे आणि तिचे सुमारे अडीच लाख पोटभाग आहेत. या सेवेत वर्गवारीचे झाड उघडून फांदी-फांदीने खाली उतरता येते. ओळखपत्रे आणि त्यांवरील सुरक्षाचिन्हे बी४२डी २५ या फांदीवर आहेत, त्यांतली खास ओळखपत्रे २५/२३ वर. लेझरसारख्या किरणांनी कार्डावर खुणा उमटवण्याच्या रीती २५/४१ खाली येतात. लहान कार्डे प्रिंटरमध्ये धरण्याची आणि सरकवण्याची यंत्रणा बी४१जे १३/१२ मध्ये आहे, रंगाच्या रिबनवरून उष्णतेने छापणे बी४१जे २/३२५ मध्ये, आणि नेहमीच्या कागदाखेरीज इतर विशेष वस्तूंवर छापणे बी४१जे ३/४०७ मध्ये. या क्रमांकांना शब्दाची, भाषेची अट नाही. जपानी अर्जातल्या ट्रेला त्याचा लेखक काहीही म्हणत असो, पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने तो योग्य फांदीवर टांगलेला असतो.

बी४१जे ३/४०७ ही फांदी उघडली आणि आमच्या आनंदाला उतार लागला. सीडी-डीव्हीडीवर छपाई करण्याचे ट्रे तिथे ओळीने उभे आहेत. आमच्या व्यवसायातल्या लोकांना हे नाते ठाऊकच आहे, कारण एल८०५० येण्याआधी एप्सनच्या एल८०५ सारख्या प्रिंटरच्या सीडी छापण्याच्या मार्गातूनच आपण सर्वजण बाजारातल्या ट्रेवर पीव्हीसी कार्डे छापत होतो. सीडीच्या ट्रेमध्ये वस्तू हलू नये म्हणून काय केले, ट्रे नेमका कोठे आहे हे यंत्राला कसे कळवले, सैलपणाची भरपाई कशी केली, हे सगळे प्रश्न तिथे आपल्या आधी कोणी ना कोणी सोडवलेले दिसतात. शेजारच्या १३/१२ वर कार्डाला एका कडेकडे दाबून संदर्भरेषेशी जुळवणारी साधने आहेत. आमची जीभ नेमक्या त्याच आकारात, त्याच जागी, एका दस्तऐवजात नव्हती. पण एका दस्तऐवजातला ट्रे आणि दुसऱ्यातला दाब हाती घेतल्यावर आमचा ट्रे तयार होत होता, आणि ती दोन साधने एकत्र आणायला काय लागले असते, या प्रश्नाचे मला प्रामाणिकपणे एकच उत्तर सुचले: एक दुपार.

भारतीय पेटंट कायद्याच्या, म्हणजे १९७० च्या अधिनियमाच्या, कलम २(१)(जेए) मध्ये ‘इन्व्हेन्टिव्ह स्टेप’ची व्याख्या आहे. उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावे, आणि शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ते सहज सुचण्याजोगे नसावे, असे ती म्हणते. आमच्यासारख्यांना यातला आर्थिक महत्त्वाचा भाग फार मोहात पाडतो, कारण वाया जाणारी कार्डे वाचली हे आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो. परंतु उत्तरार्धाची अट त्यामुळे सुटत नाही.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल वाचताना मला तो आमच्याच ट्रेवर दिल्यासारखा वाटला. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा तो खटला. मिर्झापूरची पितळी आणि जर्मन सिल्व्हरची भांडी घडवणारे दोन पक्ष, आणि वाद लेथवर भांडे कसे धरावे याचा. टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराने, दाब देऊन भांडे घट्ट धरण्याची रीत पेटंट केलेली होती. लेथचा टेलस्टॉक ही जुनी गोष्ट, दाबून धरणे हीही जुनीच गोष्ट. ओळखीच्या साधनांची नुसती जुळणी किंवा कारखान्यातली किरकोळ सुधारणा पेटंटला पुरेशी नाही, त्याहून काही अधिक हवे, असे न्यायालयाने म्हटले आणि पेटंट टिकले नाही. भांड्याच्या जागी कार्ड आणि टेलस्टॉकच्या जागी पोलादी जीभ ठेवली की आमचे प्रकरण संपते.

अमेरिकेतही १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर या निकालापासून हा प्रश्न ठरावीक पायऱ्यांनी विचारला जातो. २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालाने तो अर्जदारासाठी अधिक कडक केला. तो वाद मोटारीच्या पुढेमागे सरकणाऱ्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याचा होता. जाणकार माणूस म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्यालाही सर्वसाधारण कल्पकता असते, आणि ओळखीचे तुकडे तो चित्रकोड्याच्या तुकड्यांसारखे जुळवू शकतो, असा त्याचा आशय आहे. युरोपात परीक्षक सर्वांत जवळचा पूर्वीचा दस्तऐवज निवडतात, त्याच्यापेक्षा नव्या वस्तूत काय वेगळे आहे ते पाहून तांत्रिक समस्या मांडतात, आणि मग विचारतात की जाणकाराने ही समस्या समोर असताना हाच मार्ग घेतला असता का. ‘करू शकला असता’ आणि ‘केले असते’ या दोन क्रियापदांत तिथले पुष्कळ वाद अडकलेले असतात. मराठीत हा भेद किती स्वच्छ उमटतो हे लक्षात आले, तेव्हा या विषयाची भीती थोडी कमी झाली.

हे सगळे आम्ही आमच्या ट्रेविरुद्ध मांडत असताना एक गोष्ट मनाला सतत बजावावी लागली. उत्तर समोर आल्यावर कोणतीही गोष्ट सोपीच वाटते. कार्डाच्या छपाईतले रीट्रान्सफर तंत्र हे याचे चांगले उदाहरण आहे. थेट छपाईत गरम हेड कार्डाच्या पृष्ठभागाला टेकते, म्हणून कडेला पांढरी किनार राहते आणि चिपच्या उंचवट्याजवळ छपाई बिघडते. रीट्रान्सफरमध्ये चित्र आधी पारदर्शक फिल्मवर उलटे छापतात आणि ती फिल्म उष्णतेने कार्डावर चिकटवतात, त्यामुळे हेड कार्डाला शिवतच नाही. कपड्यांवर इस्त्रीने चित्र उतरवणे जुने होते, आणि रंग उष्णतेने उडवून छापणारा प्रिंटर सोनीने १९८२ मध्येच आणला होता. मग हे ‘सहजच’ नव्हते का? आज दुकानात बसून तसे म्हणणे ही पश्चातबुद्धी झाली. फिल्म ताणली जाणे, चार रंगांचे थर एकमेकांवर अचूक बसणे, कार्ड उष्णतेने न वाकणे, कडेची फिल्म स्वच्छ तुटणे, यांतल्या प्रत्येक अडचणीवर वेगवेगळे अर्ज वर्गवारीच्या झाडावर दिसतात. मूळ कल्पना सुचण्याजोगी ठरली, तरी तिच्यातल्या एखाद्या अडचणीचे उत्तर तसे ठरेलच असे नाही.

दस्तऐवजाच्या पानावर त्याने उल्लेखलेले जुने दस्तऐवज आणि त्याचा उल्लेख करणारे नवे दस्तऐवज, असे दोन्ही दुवे मिळतात. मी सर्वाधिक वेळ या दुव्यांवर घालवला. एका चांगल्या दस्तऐवजावरून मागे गेले की परीक्षकाने त्याच्यासमोर काय ठेवले होते ते कळते, आणि पुढे गेले की त्याने नंतर कोणाची वाट अडवली ते कळते. एकाच शोधाचे निरनिराळ्या देशांतले अर्ज एका कुटुंबात दाखवले जातात, त्यामुळे तेच वाचन दोनदा होत नाही. जपानी, चिनी आणि कोरियन मजकुराचे यांत्रिक इंग्रजी भाषांतर पानावरच मिळते. कार्ड-छपाईच्या यंत्रांत जपानी अर्जांची गर्दी असल्यामुळे हे फार उपयोगी पडले. भाषांतर खडबडीत असते, पण आकृतीतल्या क्रमांकांशी ताडून वाचले तर अर्थ लागतो.

याहून मोलाची गोष्ट एका टिचकीच्या अंतरावर आहे. युरोपीय अर्जाच्या पानावरून तिथल्या नोंदवहीत जाता येते, आणि नोंदवहीत त्या अर्जाची संपूर्ण फाइल कोणालाही वाचायला मिळते. परीक्षकाचे आक्षेप, अर्जदाराची उत्तरे, बदललेले दावे, आणि पेटंट मिळाल्यावर नऊ महिन्यांच्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याने घेतलेली हरकत, सारे क्रमाने लावलेले असते. हरकतदार डी१ आणि डी२ असे दोन जुने दस्तऐवज मांडतो, पेटंटधारक म्हणतो की डी१ वाचणारा डी२ कडे वळलाच नसता, आणि मग दोघेही एका प्लास्टिकच्या कार्डावरील फिल्मच्या जाडीवर पानेच्या पाने लिहितात. वकिली शिक्षण नसलेल्या माणसाला ऑब्व्हियसनेसचा वाद कसा चालतो हे शिकायला याहून चांगली शाळा मला सापडलेली नाही. ज्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो त्यांनीही एक फाइल तरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी.

कार्डांविषयीचा सर्वांत गाजलेला युरोपीय निर्णय छपाईचा नसून मोबाइलच्या सिम कार्डाचा आहे. टी ६४१/०० या क्रमांकाचा, २००२ चा, कॉमविक म्हणून ओळखला जाणारा तो निर्णय त्या कार्यालयाच्या अपील मंडळांच्या वेगळ्या संग्रहात मिळतो. एका सिम कार्डावर दोन ओळखी ठेवून कामाचा आणि खासगी खर्च वेगळा करण्याची ती कल्पना होती. खर्च वेगळा करावा हा हेतू तांत्रिक नाही, म्हणून तो कल्पकतेच्या खात्यात जमा होत नाही, असे मंडळाने ठरवले. आमच्याकडे येणारे पुष्कळ गिऱ्हाईक कार्डाच्या मांडणीवर ‘पेटंट’ मागतात. रक्तगट कोणत्या कोपऱ्यात, पालकांचा फोन कोणत्या रंगात, इयत्तेनुसार पट्टा कसा. त्यांच्यासाठी भारतीय कायद्यातही उत्तर तयार आहे, कारण नुसते माहितीचे सादरीकरण कलम ३(एन) ने पेटंटबाहेर ठेवले आहे.

तुलनेसाठी गूगल पेटंट्सही वापरून पाहिले. तिथले शब्दशोधन जलद आहे, पान वाचायला सुटसुटीत आहे, आणि ‘समान दस्तऐवज’ ही यादी अनेकदा उपयोगाची निघते. नवीनता तपासायला, म्हणजे नेमकी हीच वस्तू आधी होती का हे पाहायला, मी आजही आधी तिथेच जाते. परंतु समानतेची यादी मला बहुधा त्याच विषयाच्या आत फिरवत राहिली. कार्डापासून सीडीकडे आणि सीडीपासून यंत्रशाळेतल्या पकडींकडे जायला वर्गवारीच्या झाडाचाच हात धरावा लागला, आणि तो हात एस्पासनेटमध्ये अधिक पक्का आहे.

भारतीय अर्जांसाठी मात्र भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोधसेवेला पर्याय नाही. प्रकाशित अर्ज आणि मिळालेली पेटंटे तिथे शोधता येतात, आणि अर्जाच्या क्रमांकावरून पहिला परीक्षण अहवाल, अर्जदाराचे उत्तर, सुनावणीची सूचना आणि नियंत्रकांचा निर्णय उघडून वाचता येतो. इथली वर्गवारी आयपीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय, असून सीपीसीपेक्षा तिच्या फांद्या कमी बारीक आहेत. तरी वर दिलेले मोठे क्रमांक दोन्हीकडे चालतात. कोणत्या युक्तिवादाने आक्षेप दूर होतो आणि कोणत्याने नाही, हे आपल्या देशातल्या कागदांवरून शिकायचे तर तिथेच जावे लागते.

या तिन्ही सेवांत एक मोठी पोकळी आहे आणि आमच्या व्यवसायात ती फार जाणवते. आमच्याकडची बहुतेक युक्ती कोणी लिहूनच ठेवत नाही. इंकजेट प्रिंटरच्या सीडी-मार्गातून कार्ड छापण्याची रीत गावोगावच्या दुकानदारांनी एकमेकांकडे पाहून उचलली. ट्रे घाऊक बाजारात पिशवीत घालून विकले गेले. कायदा मात्र फक्त छापील दस्तऐवज पाहत नाही. अर्जावर हरकत घेण्याच्या कलम २५ मध्ये भारतात आधी जे वापरात होते त्याच्या आधारेही ‘हे सहज सुचण्याजोगे आहे’ असे म्हणता येते. म्हणजे एखाद्या दुकानातला जुना ट्रे आणि त्याचे तारीख असलेले बिल एखाद्या अर्जाला भारी पडू शकते, आणि ते बिल कोणत्याही शोधसेवेत सापडणार नाही. एजंटांनी आम्हाला हेही बजावले की आम्ही स्वतः तो ट्रे गिऱ्हाइकांसमोर वापरत होतो, तेव्हा आमच्याच वापराची तारीख आमच्या विरुद्ध उभी राहिली असती. जे कोणी अशी काही जुळणी करत असतील त्यांनी ही गोष्ट शोध सुरू करण्यापूर्वी लक्षात घ्यावी.

एस्पासनेटमध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. वर्गांची वर्णने रूक्ष इंग्रजीत आहेत आणि पहिल्या आठवड्यात माणूस कंटाळून उठतो. तारखेची चाळणी लावण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते, कारण आपल्या अर्जाच्या तारखेनंतर प्रकाशित झालेला दस्तऐवज सहज सुचण्याच्या प्रश्नात कामाचा नसतो आणि तो वाचण्यात संध्याकाळ जाते. रोज एक तास दिला तर महिन्याभरात हात बसतो, असा माझा अनुभव आहे.

ट्रेचा अर्ज आम्ही केला नाही. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या मागणीचे ४,००० रुपये ही रक्कम मोठी नव्हती, एजंटांची फी आणि पुढची तीन-चार वर्षे मोठी होती. ट्रे मात्र रोज वापरात आहे आणि शेजारच्या तालुक्यातल्या दोन दुकानदारांना आम्ही तो बनवून दिला आहे.

सध्या फ्युजिंगनंतर कार्डाला येणाऱ्या बाकाकडे पाहत आहे. थंड होताना दाब कमी करण्याचा एक क्रम आम्हाला बरा वाटतो. थर उष्णतेने जोडण्याच्या बी४२डी २५/४५५ या फांदीवर आतापर्यंत तीन जवळचे दस्तऐवज मिळाले आहेत. पहिल्यात दाबाचा क्रम आहे पण पदार्थ वेगळा आहे, दुसऱ्यात पदार्थ तोच आहे पण दाब एकसारखा आहे, आणि तिसरा जपानी असून त्याच्या चौथ्या आकृतीतला आलेख कशाचा आहे हे भाषांतरावरून अजून नीट उलगडलेले नाही.